पारंपरिक म्हणजे नक्की कोणाचं?

परवा इंग्लंडातल्या भाच्याने फोटो धाडला. रविवारचं जेवण. गोमांसाचे भाजलेले काप, बटाटे, वरून तपकिरी रस्सा. खाली ओळ, 'इथला पारंपरिक पदार्थ'. झालं! घरच्या मंडळींत जुंपली. निम्मे म्हणाले शिव शिव, उरलेले म्हणाले देश तसा वेश. मी स्वतः खात नाही, वरव्यात बेंदराला बैलांच्या पाया पडत वाढलोय. पण माझं भांडण त्या मांसाशी नाहीच, 'पारंपरिक' या शब्दाशी आहे.

इंग्रजांनी हा पदार्थ झेंड्यासारखा मिरवला. हेन्री फील्डिंगने १७३१ साली त्यावर गाणं लिहिलं. होगार्थने १७४८ साली चित्र काढलं, कॅलेच्या वेशीतून गोमांसाचा भलामोठा तुकडा चाललाय आणि भुकेले फ्रेंच शिपाई बघत राहिलेत. पण त्याच इंग्लंडात गरिबाच्या घरी धड भट्टी नसायची. रविवारी मांस पाववाल्याच्या भट्टीत भाजायला न्यायचं. आणि ते पुरावं म्हणून आधी यॉर्कशायर पुडिंग वाढायचं. म्हणजे मैदा, दूध, अंडी यांचं पातळ पीठ, मांसाच्या ठिबकणाऱ्या चरबीत फुलवलेलं. त्याने पोट भरलं की मांस कमी लागतं! पुढे तर मांसही अर्जेंटिनाहून बोटीने थंडगार होऊन यायला लागलं. नाव मात्र जुन्या इंग्लंडचंच.

हसू नका. पुणे-सातारा रस्त्याने जाताना पाट्या वाचा. 'पारंपरिक गावरान मटण थाळी'. सुकं, खिमा, तांबडा, पांढरा, सगळं एका ताटात. (तांबडा-पांढरा कोल्हापूरचा. आमच्या भोर तालुक्यात तो परंपरेने कधी आला बुवा?)

आमच्या घरी मटण यायचं जत्रेला, नाहीतर पाहुणे आले तर. किलोभर मटण आणि खाणारी पंधरा माणसं. माणूस वाढला की रश्शात तांब्याभर पाणी वाढायचं. फोडी आधी पाहुण्यांना, मग घरच्या पुरुषांना, मग आम्हा पोरांना. आजी, आई, काकू शेवटी चुलीपाशी बसायच्या. त्यांच्या ताटात भात आणि तळाचा रस्सा. आई म्हणायची, "मला फोडी आवडत नाहीत रे." मी हे चाळिशीपर्यंत खरं धरून चाललो, इतका शहाणा! गेल्या वर्षी घरी आम्ही चौघंच होतो, मटण भरपूर होतं. आईने नळी हातात घेऊन अर्धा तास चोखली. कोणाशी बोलली नाही.

त्या पाटीवर ही थाळी कोणी लिहीत नाही.

तेव्हा काका, भाच्याला संस्कृती शिकवणारी ती लांबलचक मेल पाठवलीत, वाचली. उत्तर सावकाश देतो. आधी एवढंच सांगा, जत्रेच्या दिवशी काकूच्या ताटात किती फोडी असायच्या?