गाडीत जेवण हवे की नको?

वाचकहो, लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्वयंपाकाचा डबा, म्हणजे पँट्री, ठेवायचीच कशाला, असे काही जण विचारतात. घरून भाकरी-चटणी बांधून न्यावी, नाहीतर फोनवरून पुढच्या स्टेशनवर मागवावे!

त्यांचे सगळेच चुकते असे नाही. 2017 साली ‘कॅग’च्या अहवालासाठी 74 स्थानके आणि 80 गाड्या तपासल्या गेल्या. चहा-सरबताला नळाचे न गाळलेले पाणी, उघड्या कचरापेट्या, उंदीर, झुरळे असे बरेच काही सापडले.

पण नागपूर-मुंबईला रात्रभर भाकरी पुरते, मुंबई-हावड्याच्या दीड दिवसाचे काय? उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी भाजी आंबते. शिवाय ती शिदोरी बांधायला पहाटे तीनला उठते कोण, हे पुरुष मंडळींनी स्वतःला विचारावे. फोनवरून जेवण मागवायला पीएनआर नंबर लागतो. जनरलच्या तिकिटावर तो नसतोच. म्हणजे ही सोय कोणासाठी, ते समजून घ्या.

गाडीत अन्न नसले की काय होते, हे मे 2020 मध्ये दिसले. श्रमिक गाड्यांतल्या मजुरांचे अन्नपाण्यावाचून हाल झाले. 21 मे रोजी वसई रोडहून गोरखपूरला निघालेली गाडी मार्गावरच्या गर्दीमुळे वळवली आणि ती ओडिशात राउरकेल्याला पोहोचली! त्या मजुरांनी शिदोरी किती दिवसांची बांधायची होती?

प्रवासातले अन्नपाणी ही आपल्याला किरकोळ गोष्ट वाटू नये. 1901 साली लहानगे भीमराव थोरला भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. पुढे बैलगाडीच्या वाटेवर जेवण जवळ होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून मुले उपाशी झोपली. आज गाडीतला चहावाला एकाच किटलीतून सगळ्यांना चहा देतो आणि जात विचारत नाही. ही सोय बंद करा म्हणणाऱ्यांना तिचे मोल कळायचे नाही.

मात्र स्वयंपाक धावत्या गाडीतच झाला पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. तो मोठ्या स्टेशनांवरच्या स्वच्छ स्वयंपाकघरांत व्हावा आणि गाडीत गरम करून वाढावा. 2017 चे रेल्वेचे धोरणही त्याच दिशेचे आहे. आमची तक्रार वेगळी आहे. जनरलचे डबे बहुधा गाडीच्या टोकांना, पँट्री मध्ये, आणि गर्दीतून वाढप्या तिकडे फिरकत नाही. 2023 पासून काही स्थानकांवर जनरलच्या डब्यासमोर 20 रुपयांत 7 पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचे मिळू लागले. हे प्रत्येक मोठ्या स्टेशनवर हवे, आणि रात्रीच्या गाड्यांनाही हवे.

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या बंधू-भगिनींनी मात्र खास गाडीत जेवण मिळेल या भरवशावर निघू नये. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या दोन बाटल्या घ्याव्यात. गाडीत काही विकत घेतलेच तर बिल मागा. विक्रेता बिल देत नसेल तर पैसे देऊ नका, असे रेल्वेनेच जाहीर केले आहे. जास्त पैसे घेतले तर 139 वर फोन करून गाडीचा आणि डब्याचा नंबर सांगा.