पॅड दिले, पण पाळी येते का हे विचारलं कुणी?

मार्च २०१८ मध्ये आपल्याकडे अस्मिता योजना आली. झेडपी शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट. चांगलंच झालं. पण जिला चार-चार महिने पाळीच येत नाही, तिचं काय?

'पीसीओडी' हा शब्द आता गावोगाव पोचलाय. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की घरच्यांचा पहिला प्रश्न, "हिला पुढं मूल होईल ना?" आणि सल्लाही तयारच असतो: लग्न लावून टाका, एक बाळंतपण झालं की सगळं सुरळीत. हा सल्ला साफ चुकीचा आहे. लग्न हे औषध नाही.

मुळात त्या 'गाठी' गाठी नसतातच. ती अर्धवट वाढून थांबलेली बीजं. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं ती मागेपुढे होतेच, म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पहिल्या आठ वर्षांत निदानासाठी सोनोग्राफी करू नका. पण तीन महिने पाळीच नाही, तर डॉक्टर गाठा. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं पुढे धोक्याचं ठरतं. शिवाय यात शुगर वाढायची भीती असते, ती तपासायला हवी. मुलाबद्दल आपण एवढं बोलतो, शुगरबद्दल कोण बोलतं?

आणि मूल बहुतेकींना होतं. बीज कधी सुटेल याचा नेम नसतो, एवढंच. वजन जास्त असेल तर थोडं उतरवूनही पाळी सुधारते. नाहीतर लेट्रोझोलसारख्या साध्या गोळ्या आहेत. थेट टेस्ट ट्यूब बेबीच्या होर्डिंगखाली जाऊन उभं राहायची गरज नसते. उलट, पाळी येत नाही म्हणून दिवस राहणारच नाहीत असं समजू नका, नवीन लग्न झालेल्यांनी तर नाहीच.

आता सरकारचं. सरकारी आरोग्य पथक शाळेत तपासणीला येतं. पण मैत्रिणींसमोर रांगेत उभी असलेली मुलगी पाळीबद्दल काय सांगणार? वेगळी खोली आणि बाई डॉक्टर, एवढं तरी द्या. आशाताईंकडची शुगर-बीपीची तपासणी तिशीनंतरच्यांसाठी. सोळा वर्षांच्या पोरीची पाळी बंद असेल तर तिची शुगर तिशीपर्यंत थांबायची का?

पुढच्या ग्रामसभेला डॉक्टर आले तर हे विचाराच. बायकांनी विचारलं तर उत्तमच, पण बापांनीही विचारा.