शास्तीमाफी बंद करा!

मार्च जवळ आला की ‘अभय योजना’ येते. घरपट्टी थकवणाऱ्याची शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, माफ! जळगावच्या पिंप्राळ्यातल्या ज्या माणसाने बिल हातात पडताच रांगेत उभं राहून पैसे भरले, त्याला काय मिळालं? या योजनेतून काहीही नाही.

हिशेब साधा आहे. महापालिका कायद्यानुसार थकीत करावर महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती लागते. ६,००० रुपयांचं बिल पाच वर्षं दाबून ठेवलं तर नुसती शास्तीच ७,२०० होते. अभय मिळालं की ती पुसली जाते. तेच ६,००० बँकेत ६ टक्क्यांनी ठेवले असतील, तर बुडव्याच्या पदरात वर १,८०० पडतात. बुडवेगिरीला दिलेल्या या बक्षिसीला वसुली कसं म्हणायचं?

देशाने हे आधी पाहिलं आहे. १९९७ च्या स्वेच्छा उत्पन्न घोषणा योजनेत लपवलेले सुमारे ३३,००० कोटी रुपये जाहीर झाले. करापोटी तिजोरीत जेमतेम १०,००० कोटी आले. १९८७ पूर्वीचं म्हणून दाखवलेल्या सोन्याला भाव धरला तो १ एप्रिल १९८७ चा. सोन्याचे भाव तोंडपाठ असलेल्या जळगावकरांना यातली सूट समजावून सांगायला नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘निदान मुद्दल तरी वसूल होते.’ होते, कारण थकबाकीदार माफीची वाटच बघत बसलेला असतो. पुढचं बिलही भरायचं नाही, हे तो त्याच दिवशी ठरवतो.

दुसरं उत्तर गरिबांच्या नावाने दिलं जातं. गरिबाला सवलत हवीच, पण ती त्याचं घर बघून द्या. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे. त्यासाठी कुणाला आधी कर बुडवावा लागला नाही.

जकात गेली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. शहराच्या स्वतःच्या हातात मोठा कर उरला तो घरपट्टीचाच. तोही असा सोडून दिला, तर आषाढी एकादशीला पिंप्राळ्यातला विठ्ठलाचा रथ ज्या रस्त्याने निघतो, त्या रस्त्याला डांबर कुठून येणार?

मागणी स्पष्ट आहे. सरसकट शास्तीमाफी कायमची बंद करावी. अडचणीतल्या घराला हप्ते बांधून द्यावेत. ऐपत असून कर थकवणाऱ्यांवर जप्तीचा अधिकार वापरावा, आणि सुरुवात सगळ्यात मोठ्या थकबाकीपासून करावी.