गुलाबाचा गरीब नातलग

दिवाळीच्या पहाटे अत्तराचा फाया कानात ठेवताना तो गुलाबाचाच, अशी आपली खात्री असते. पण वाचकहो, गुलाबाच्या नावावर एका गवताने वर्षानुवर्षे बड्या बड्यांना झुलवले आहे. आणि ते गवत कुठले म्हणाल, तर आपल्या खानदेशा-निमाडातले!

रोशा त्याचे नाव. एकोणिसाव्या शतकात त्याचे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या तेलात बेमालूम मिसळले जाई. कारण उघड आहे. १ किलो गुलाबतेलासाठी ३ ते ४ हजार किलो फुले लागतात. गवताचा असा तोरा नाही. शिवाय दोहोंत जिरॅनिऑल हे एकच सुवासिक द्रव्य. रोशाच्या तेलात तर ते तीन-चतुर्थांशाहून अधिक!

मग चोर ओळखावा कसा? कागदावर थेंब टाकून पाहा. तिळेल मिसळले असेल तर तेलकट डाग राहील. रोशा मात्र उडून जाईल आणि साळसूद ठरेल. गुलाबतेल थंडीत गोठते, ही जुनी खूण. लबाडांनी त्यातही मेण घालून शास्त्राला चकवले!

१९५२ साली इंग्लंडात जेम्स आणि मार्टिन यांनी वायूच्या साहाय्याने पृथक्करण करण्याची रीत दाखवली, तेव्हापासून चोरांची पंचाईत झाली. तेलाची वाफ एका लांबलचक, बारीक नळीतून वायूबरोबर सोडतात. नळीच्या अस्तराला कोणी जास्त चिकटते, कोणी कमी. म्हणून प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि आलेखावर शिखर उमटवतो. विशिष्ट अस्तर वापरले तर एकाच द्रव्याची डावी-उजवी जुळी भावंडेही वेगळी होतात. गुलाबातले सिट्रोनेलॉल जवळजवळ सारे एकाच हाताचे. कारखान्यातले बहुधा दोन्ही हातांचे. झाली चोरी उघड!

गंमत अशी, की गुलाबाचे गुलाबपण मोठ्या घटकांत फारसे नसतेच. डॅमॅसेनोन हे द्रव्य त्यात एक टक्काही नाही, पण सुवासात त्याचा वाटा केवढा तरी मोठा. घरातल्या मितभाषी आजीसारखे म्हणा ना!

रोशावर माझा मुळीच राग नाही. साबणाला त्याचा वास फार छान. माझी तक्रार लेबलाशी आहे. गुलाबाचे दाम मोजणारा तर फसतोच. पण ज्याच्या शेतात रोशा पिकला, त्या शेतकऱ्याच्या मालाचे नावही बाटलीवर येत नाही. तेव्हा महागडे गुलाबतेल घेताना नुसते हुंगू नका. पृथक्करणाचा दाखला मागा. आणि रोशाची बाटली स्वतःच्या नावाने समोर आली, तर ती खुशाल घरी आणा.