विहारात एक सूक्ष्मदर्शक हवा

यंदा जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक विहाराने मुलांसाठी एक साधा सूक्ष्मदर्शक घ्यावा, असे आम्हाला वाटते. डीजेच्या एका संध्याकाळच्या भाड्यात असे कितीतरी येतील. मेरठमध्ये जन्मलेले वैज्ञानिक मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात कागदाच्या घडीचा ‘फोल्डस्कोप’ तयार केला. तो वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही जोडता येतो.

सुरुवात उवांपासून करावी. फणीतून निघालेली ऊ पारदर्शक चिकटपट्टीत धरून भिंगाखाली ठेवली की तिच्या पायांचे आकडे दिसतात. लीख केसाच्या एका बाजूला डिंकाने चिकटवल्यासारखी असते. म्हणूनच ती नुसत्या साबणाने निघत नाही. बारीक फणी दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे फिरवावी लागते. ऊ उडत नाही, उडी मारत नाही; डोक्याला डोके लागले की चालत जाते, आणि स्वच्छ धुतलेल्या केसांतही राहते. आपल्या किती मुलींना उवांवरून ‘घाणेरडी’ म्हणून मागच्या बाकावर बसवले गेले! त्या मुलीने हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेले असावे.

मग पाणी. चार दिवस साठवलेल्या ड्रमच्या आतली बुळबुळीत साय काडीने खरवडून थेंबभर पाण्यात बघा. त्यात बरेचदा काहीतरी पळताना दिसते. त्यातले बहुतेक जीव निरुपद्रवी असतात, पण ड्रम घासायला मग मुलांना सांगावे लागत नाही. (भिक्खूंच्या आठ परिष्कारांत पाण्याची गाळणी असते, ती पाण्यातल्या बारीक जिवांना इजा होऊ नये म्हणून.)

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत आपले लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. पाणी माणसाच्या जातीने बाटते की त्यात पडलेल्या शेणाने, याचा निकाल काचेवरचा एक थेंब देतो. महाडची गोष्ट मुलांना सांगताना हा प्रयोग शेजारी ठेवावा, असे आमचे मत आहे. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, हे कालाम सुत्त आपण मुलांना शिकवतोच.

मात्र भिंगाला मर्यादा आहे. थेंबात काही दिसले नाही म्हणजे पाणी पिण्याजोगे असे नव्हे. पटकीचे जंतू खेळण्यातल्या भिंगातून ओळखता येत नाहीत, आणि काविळीचा विषाणू प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. शंका असेल तर पाणी खळखळून उकळायचेच. मुलाचे जुलाब थांबत नसतील तर भिंग बाजूला ठेवून मीठ-साखरेचे पाणी पाजत दवाखाना गाठायचा.

यंत्र कार्यकारिणीच्या कपाटात कुलूपबंद नको. आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीकडे त्याची जबाबदारी द्यावी. रविवारच्या वर्गात तीच लहानांना दाखवील. रक्त बघायचे म्हणून सुईने बोट टोचू देऊ नका. कांद्याचा पापुद्रा, मिठाचे खडे, डासाचे पंख एवढे पुष्कळ झाले. भिंग किंवा त्याचा आरसा सूर्याकडे धरून कधीही बघू नये, डोळ्याला कायमची इजा होते. खिडकीतला उजेड पुरतो.