हात लावून पाहण्याचा अधिकार

शाळांच्या संगणक कक्षाच्या दारावर बहुधा एक सूचना आढळते : ‘परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये.’ यंत्रे महाग असतात, दुरुस्तीला पैसा लागतो. त्यामुळे ती सूचना अगदीच अकारण नाही. परंतु सार्वजनिक पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावण्यासाठी ज्या समाजाला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजाच्या मुलांनी संगणकासमोर हात आखडून बसावे काय, याचा विचार विद्यालयाचे हितचिंतक म्हणून आपण केला पाहिजे.

भीत भीत शिकलेली विद्या वापरता येते, पण तिच्यावर स्वामित्व येत नाही. आपले विद्यार्थी मराठी टंकलेखन करतात, तक्ते तयार करतात, प्रमाणपत्रे मिळवतात. नोकरीच्या बाजारात त्यांची गरज आहेच, आणि त्या शिक्षणाला माझा विरोध नाही. मात्र तेवढ्याने विद्यार्थी यंत्राचा चालक होतो, जाणकार होत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की नववीच्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने एकदा तरी स्वतःच्या हाताने व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत निर्माण केलेला दुसरा संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारखी विनामूल्य मिळणारी आज्ञावली मूळ संगणकाच्या स्मृतीचा काही भाग या दुसऱ्या संगणकाला देते, आणि मूळ डिस्कवरील एक फाइल त्याची डिस्क म्हणून वापरते. ही कल्पना नवी नाही. एकच अवाढव्य यंत्र अनेकांना वाटून द्यावे लागे, त्या १९६० च्या दशकात आयबीएमच्या अभियंत्यांनी ती विकसित केली. साधने थोडी आणि शिकणारे अनेक, ही वसतिगृहाला परिचित असलेली अडचणच तिच्या मुळाशी होती.

तिचा शैक्षणिक लाभ मोठा आहे. लिनक्स बसवताना एका टप्प्यावर संपूर्ण डिस्क पुसून टाकण्याचा पर्याय समोर येतो आणि नवशिक्याचा हात थबकतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये तो निर्धास्तपणे पुढे जाऊ शकतो, कारण पुसली जाते ती केवळ ती एक फाइल. मूळ संगणकावरील विंडोज आणि शाळेच्या नोंदी सुरक्षित राहतात. प्रयोगापूर्वी ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवला, तर सारे बिघडल्यावरही क्षणात पूर्वस्थितीला परतता येते. जेथे चुकण्याची शिक्षा नाही, तेथेच जिज्ञासा फुलते.

मग लिनक्सच का? १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहून जगासमोर ठेवला. त्याआधी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. आज्ञावली वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे व इतरांना देण्याचे स्वातंत्र्य सर्वांना असावे, हा त्या प्रकल्पाचा आग्रह. दिल्याने ज्ञान घटत नाही, हे दानाचे तत्त्व आपल्या परंपरेला नवे नाही. आज भ्रमणध्वनीतील अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचा गाभा आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे २०१७ पासून लिनक्सवर चालतात.

या कामातील एक छोटी पायरी मला विशेष मोलाची वाटते. लिनक्सची आयएसओ फाइल उतरवून घेतल्यावर तिची ‘एसएचए-२५६’ बेरीज काढायची आणि अधिकृत संकेतस्थळावर दिलेल्या ६४ अक्षरांशी ताडून पाहायची. एक अक्षर जरी निराळे असले, तरी ती फाइल बाजूला ठेवायची. परंपरेने चालत आले म्हणून, किंवा सांगणारा थोर आहे म्हणून काहीही स्वीकारू नका, ही कालामसुत्ताची शिकवण आपण वंदनेनंतर मुलांना सांगतो. तिचा सराव करण्याची संधी येथे संगणक कक्षात आयती मिळते.

अडचणी आहेत, त्या मान्य करू. चार जीबी स्मृतीच्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन मंद चालते. तेथे दोन जीबी देऊन, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप असलेली डेबियन अथवा लुबुंटू निवडावी. अनेक संगणकांच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असते; ती आधी सुरू करावी लागते. इंग्रजीची धास्ती वाटणाऱ्यांसाठी डेबियनची स्थापना मराठीतूनही करता येते. शिक्षकांना हे जमेल काय, असेही विचारले जाईल. केरळमधील शासकीय शाळांनी आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पातून मुक्त आज्ञावलींवर संगणक शिक्षण उभे केले, ते सामान्य शिक्षकांच्याच बळावर.

हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. देणगीतून आलेली अशी यंत्रे भंगारात जातील की आणखी काही वर्षे शिकवतील, हे त्यांवर लिनक्स बसवणारे हात आपल्याकडे आहेत की नाहीत यावर ठरेल. व्हर्च्युअल मशीनमध्ये सराव झालेले विद्यार्थी हेच काम खऱ्या यंत्रावर करू शकतील.

माजी विद्यार्थ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे. नामफलकासाठी देणगी अवश्य द्यावी. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी जुन्या संगणकांसाठी चार-चार जीबी स्मृती आणि महिन्यातून एक रविवारही द्यावा. पालकांनी, मुलाने ‘आज मी संगणक बिघडवला आणि पुन्हा उभा केला’ असे सांगितले, तर त्याला रागावू नये. कसा उभा केला, ते विचारावे. आणि व्यवस्थापनाने दारावरील सूचना बदलून असे लिहावे : ‘हात लावा, पाहा, समजून घ्या, आणि समजले ते शेजाऱ्याला सांगा.’

नमो बुद्धाय! जय भीम!