उत्खनन गावचं, लेख कुलुपात
शिरूर तालुक्यात घोडनदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केलं. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुलं, पाण्याचा पाट, जवाचे जळके दाणे सापडले. असल्या विषयांवरचे लेख दौंडच्या विद्यार्थ्याला वाचायचे तर अनेकदा पैशांचं कुलूप आडवं येतं. खुल्या नियतकालिकांचं नाव काढताच मात्र बरेच प्राध्यापक बिचकतात. खुलं म्हणजे सुमार, ही धास्ती उगाच नाही. यूजीसीच्या तेव्हाच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची २०१८मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी छाननी केली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक सुमार निघाली. पण दर्जा समीक्षेने ठरतो, वर्गणीने नव्हे! शिवाय वर्गणीच्या नियतकालिकाने स्वीकारलेला लेखाचा मसुदा विद्यापीठाच्या खुल्या डिजिटल भांडारात ठेवायला अनेक प्रकाशक मुभा देतात. प्राध्यापकांनी तो तिथे टाकावा. त्याने बढतीचा एकही गुण कमी होत नाही.